स्टँडकडची खिडकी

“हा तुझा तुकडा,” असं म्हणून गिजरेबाईंनी माझ्या हातावर बोटाच्या पेराएवढी उदबत्ती ठेवली.

मी शेजारी पाहिलं. अलका धर्माधिकारीला मिळालेला तुकडा चांगला बोटभर होता. मी बोलले काही नाही, मनात नोंद केली. माणसांचे हिशोब ठेवायची मला पहिल्यापासून खोड. पैशांचे माझा नवरा माधव ठेवतो आणि ते कधी जुळत नाहीत. माझे सहसा जुळतात.

ही गोष्ट कराडची, घरात एक फोन असला तरी पुष्कळ वाटायचं तेव्हाची. आमच्या कृष्णाई कॉलनीत श्रावणातल्या दर शुक्रवारी एकेकीच्या घरी जिवतीचं हळदीकुंकू असायचं. बायका यायच्या, ओटीत फुटाणे घ्यायच्या, दूध प्यायच्या, एकमेकींच्या साड्यांकडे बघायच्या आणि घरी जायच्या. त्यात कुणाचं काही नुकसान नव्हतं. पण गिजरेबाई मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या, त्यांच्या हाताखाली शाळा राहिली नाही, तेव्हा त्यांनी कॉलनी घेतली.

“एवढ्या आया जमतात आणि नुसतं कुंकू लावून जातात,” त्या म्हणाल्या. “आयांनी अनुभव सांगावेत. एकीचं ऐकून दुसरी शहाणी होईल.”

विषय त्यांनीच ठरवून दिले. माझं मूल, माझं काम, माझी कॉलनी. समोर घड्याळ ठेवलं की बायका घड्याळाशीच बोलतात, म्हणून वेळ उदबत्तीवर. आपला तुकडा पेटवायचा, तो विझला की थांबायचं. रडायचं नाही, हा नियम पहिल्या शुक्रवारनंतर करावा लागला.

तिसरा शुक्रवार आमच्या घरी होता, आणि त्या दिवशी मला नेमकं बोलायचं नव्हतं.

मी माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत सहायक होते. शेतकरी पिशवीतून माती घेऊन यायचे, मी तिच्यात काय कमी आहे ते सांगायचे. माणसांत काय कमी आहे ते मी घरी फुकट सांगते. तर आमच्या प्रयोगशाळेतून एकाला दहा महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी नागपूरला पाठवायचं होतं. करून आलं की अधिकारी. तोवर एकही बाई गेली नव्हती. या खेपेला माझं नाव आलं. पुढच्या बुधवारी तिथे हजर व्हायचं होतं, आणि जाणार की नाही ते उद्या, शनिवारी, साहेबांना सांगायचं होतं. माझी रेवा तेव्हा पाच वर्षांची, मोठ्या शिशूत.

माधव साखर कारखान्यात पाळीवर. तो म्हणाला, “माझं काय, जा की. पण आईला विचार. रेवाला दिवसभर तीच बघणार.”

मी सासूबाईंना विचारलं. गवार मोडत होत्या.

“आई, मला दहा महिने नागपूरला जायला सांगताहेत.”

त्यांनी हातातल्या शेंगेची शीर काढली. दुसरी शेंग घेतली. तिचीही काढली.

“रेवाची रिक्षा शाळेच्या कुठल्या दाराशी थांबते गं?”

“मागच्या.”

“हं,” त्या म्हणाल्या, आणि गवार उचलून आत गेल्या.

त्यानंतर नागपूरचा ‘न’सुद्धा नाही. प्रश्न मात्र रोज एक. “रेवाच्या वेण्या तू खाली सोडतेस की वर दुमडून बांधतेस?” “डब्यात भेंडी दिली तर खाते की परत आणते?” “ताप आला की त्या पांढऱ्या बाटलीतलं औषध किती द्यायचं?”

मी काय खुळी नव्हते. अशी विचारून विचारून समोरच्याकडूनच नको म्हणवून घ्यायची, ही आमच्या सासूबाईंची जुनी रीत. आम्ही फ्रिज घ्यायचं काढलं तेव्हा त्यांनी महिनाभर एवढंच विचारलं, “आपल्यात बर्फ कोण खातं रे?” फ्रिज दोन वर्षं लांबला. तेव्हा या प्रश्नांचा अर्थ मला स्वच्छ कळत होता. बघ बाई, एका पोरीचं किती असतं, आणि तू निघालीस. मी सगळे प्रश्न त्यांच्या नावे मांडून ठेवले आणि शनिवारसाठी वाक्य जुळवलं, ‘घरगुती अडचणीमुळे येऊ शकत नाही’. नोकरी करणाऱ्या बायकांची निम्मी कहाणी ‘घरगुती अडचण’ या दोन शब्दांत मावते.

म्हणून मी ठरवलं होतं की आज मातीबद्दल बोलायचं. मातीवर कुणाचं काही म्हणणं नसतं.

पूजा झाली. भिंतीवर जिवतीचा कागद, त्यात जिवती नेहमीप्रमाणे अंगाखांद्यावर पोरं घेऊन बसलेली. तिला बाहेरचं काही काम नसावं. सासूबाईंनी पुरणाचे दिवे लावले, रेवाला आणि कॉलनीतल्या पोरासोरांना ओळीनं पाटावर बसवून ओवाळलं. मग परगावच्या मुलांची पाळी. मूल घरी नसलं की त्याच्या नावानं अक्षता टाकायच्या, त्या त्याला पोचतात. सगळीकडे चारी दिशांना टाकतात, म्हणजे मूल कुठेही असलं तरी चुकायचं नाही. आमच्या सासूबाई एकाच दिशेला टाकायच्या. माझा धाकटा दीर शिरीष इंदूरला नोकरीला. त्याच्यासाठी त्या पुढच्या खोलीच्या खिडकीशी गेल्या आणि गजांतून मूठभर अक्षता बाहेर भिरकावल्या.

“इंदूताई,” गिजरेबाई म्हणाल्या. त्या शाळेत भूगोल शिकवायच्या आणि अजून थांबल्या नव्हत्या. “इंदूर उत्तरेला आहे. ही खिडकी दक्षिणेची. दर वर्षी सांगते तुम्हाला.”

“असेल.”

“आणि दक्षिण म्हणजे यमाची दिशा. लेकराच्या नावानं यमाकडे कशाला टाकता?”

“यमाची असेल,” सासूबाई हात झटकत म्हणाल्या. “एसटी स्टँडची पण तीच आहे.”

“त्याचा काय संबंध?”

“शिरीष तिकडनंच गेला. पुढं गाडी उत्तरेला वळली का कुठं वळली ते ड्रायव्हरला ठाऊक. मला तो त्या पिठाच्या गिरणीच्या वळणापर्यंत दिसला. तिथं त्यानं बॅग या हातातनं त्या हातात घेतली, आणि गेला.”

बायका हसल्या. गिजरेबाईंनी कपाळाला हात लावला. मीही हसले आणि हे भोळेपणाच्या खाती टाकून दिलं.

मग अनुभव सुरू झाले. पहिली सुरेखा उंडे. ती घरातच पार्लर चालवायची आणि तिला जुळे मुलगे.

“मला दोन तुकडे पाहिजेत,” ती म्हणाली. “पोरं दोन आहेत.”

“एकच,” गिजरेबाई म्हणाल्या आणि काडी ओढली.

“बरं. तर एकदा एका नवरीचा मेकअप चालला होता. मुहूर्त तोंडावर. आणि आमच्या दोघांनी काय केलं, फेशियलचं क्रीम भाकरीला लावून खाल्लं. मी एका हातानं नवरी धरलेली, दुसऱ्या हातानं पोरं. तशीच डॉक्टरांकडे गेले.”

“नवरी घेऊन?” कुणीतरी विचारलं.

“मग काय करू? अर्ध्या तोंडाला लावून सोडू? डॉक्टर म्हणाले, काही होत नाही, पोट साफ होईल. झालं साफ. तर आईनं सगळं उंच ठेवावं, हा माझा अनुभव. कॉलनीबद्दल एवढंच सांगते की कॉलनीतल्या बऱ्याच जणी माझ्याकडे भुवया करून घेतात आणि बाहेर सांगतात, आमच्या मुळातच अशा आहेत.”

बऱ्याच जणींनी दुधाच्या पेल्यात पाहिलं. सुरेखाचा तुकडा विझला.

दुसरी अलका धर्माधिकारी. अलका उभी राहिली की खोलीत एकदम संस्था असल्यासारखं वाटायचं. तिनं पदर सारखा केला.

“मी बँकेत होते. कायम झाले होते. वरच्या परीक्षेला बसा म्हणून साहेब स्वतः मागे लागले होते. मी राजीनामा दिला. कशासाठी? तर सौरभसाठी.”

सौरभ त्या वेळी आमच्या परसातल्या पेरूवर होता. पेरू अजून धरलेले नव्हते, तो फांद्या मोडत होता.

“आज तो स्कॉलरशिपला पहिला आला तो उगीच नाही आला. त्याच्या शेजारी बसून मी भूमिती पुन्हा शिकले. मला कुणी विचारतं, नोकरी सोडल्याचं वाईट वाटत नाही? मी सांगते, मुळीच नाही. मला अजिबात वाटत नाही.” हे ती तीन-चारदा म्हणाली. न वाटणारी गोष्ट माणूस एवढ्यांदा सांगत नाही, ही नोंद मी केली, पण ती पुरी व्हायच्या आत अलका माझ्याकडे वळली.

“काहींना नाही जमत सोडायला. काहींना मूल पण पाहिजे, आणि नागपूर पण पाहिजे.”

अलकाचा दीर आमच्या ऑफिसात कारकून होता. हे मला माहीत होतं. तो घरी जाऊन बोलतो हे मी धरलं नव्हतं.

कोपऱ्यात कुणीतरी फुटाणा चावला, तो सगळ्यांना ऐकू आला.

“नागपूर?” गिजरेबाई म्हणाल्या. “कसलं नागपूर?”

“म्हणजे वैजयंतीनं सांगितलं नाही अजून? दहा महिने चाललीय. पाच वर्षांचं पोर टाकून.” अलका हे रागानं नाही, काळजीनं म्हणाली. तिची काळजी नेहमी अशी चारचौघांत यायची. “मला आपलं वाटलं, विषय आयांचा आहे, तर हा अनुभव पण यायला हवा.”

तिचा तुकडा अजून जळतच होता. मला राहवेना, मी फुंकर घालायला वाकले असते, पण तो बिचारा आपणहून विझला.

“वैजयंती,” गिजरेबाईंनी माझी उदबत्ती पेटवली. “बोल आता.”

मी उभी राहिले. पुरण वाटून हात भरून आले होते, पदराला हळद लागलेली. खोलीतल्या सगळ्या कुंकवाच्या कपाळांनी माझ्याकडे पाहिलं.

“आमच्याकडे जी माती येते,” मी म्हणाले, “तिच्यात बहुतेक वेळा नत्र कमी असतं.”

“वैजूताई,” सुरेखा म्हणाली, “माती राहू द्या. तुम्ही जाणार का?”

स्वयंपाकघराच्या दारात सासूबाई दुधाचं पातेलं घेऊन उभ्या होत्या. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. त्यांच्या तोंडावर दुधाचं पातेलं जड आहे एवढंच दिसत होतं.

“अजून ठरलं नाही,” मी म्हणाले.

पेराएवढा तुकडा. निम्मा जळालाही होता.

“ठरलं नाही म्हणजे?” अलका म्हणाली. “आणि रेवाला ठेवणार कुठं? काकू, तुम्हीच सांगा. तुमचे गुडघे, तुमचं वय. पोरीचं सगळं तुमच्यावर टाकायचं म्हणजे काय थट्टा आहे? तुम्हाला कुणी विचारलं तरी का?”

सासूबाईंनी पातेलं खाली ठेवलं. झाकण ठेवलं. पदराला हात पुसले.

“नागपूर कुठल्या बाजूला येतं?” त्यांनी विचारलं.

आला प्रश्न, मी मनात म्हटलं. आता चारचौघांत. बर्फ कोण खातं रे.

पण गिजरेबाईंना भूगोलातला प्रश्न कुणी विचारून वर्षं झाली असावीत. “ईशान्य,” त्या ताडकन म्हणाल्या. “उत्तर आणि पूर्व यांच्या मधली.”

“पूर्वच,” सुरेखा म्हणाली. “आमची नणंद दिलीय तिकडं. निघताना सूर्य समोर असतो, डोळे उघडे ठेववत नाहीत.”

“छे, उत्तर,” मागून कुणीतरी म्हणालं. “आधी पुण्याला जायचं, मग रेल्वे. पुणं उत्तरेला नाही का?”

“पुण्याला जायचं म्हणून नागपूर उत्तरेला होत नाही! नकाशा आणा कुणीतरी.”

“दिशा घेऊन काय करायचंय?” अलका कळवळून म्हणाली. “काकू, दिशेचं जाऊ द्या. पोरीचं बोला.”

“रेवा,” सासूबाईंनी हाक मारली, “इकडं ये गं.”

रेवा आतून फुटाणे खात आली. सासूबाईंनी तिला समोर उभी केली, आणि तेव्हा माझं लक्ष गेलं. तिच्या दोन वेण्या, वर दुमडून, रिबिनीची फुलं कानांच्या वर. शाळेत लागतात तशा. भांग मात्र जरा डावीकडे गेला होता.

सकाळपासून मी पुरणात होते. वेण्या मी घातल्या नव्हत्या.

“रिक्षा शाळेच्या मागच्या दाराशी थांबते,” सासूबाई अलकाला म्हणाल्या. पाढे म्हणावेत तसा आवाज. “पुढच्या दाराशी उभं राहिलं तर चुकामूक होते, मी परवा जाऊन बघून आले. भेंडी परत आणते. गवार खाते. ताप आला तर पांढऱ्या बाटलीतलं एक टोपण, आणि वर कपाळावर घडी. वेण्या मला येतात, भांग अजून नीट येत नाही.” त्यांनी रेवाची रिबीन बोटानं नीट केली. “आणखी काही असतं का पोरीचं? तुझ्या ध्यानात असलं तर सांग. बुधवारपर्यंत शिकेन.”

अलकानं पदर सारखा केला, तो आधीच सारखा होता.

माझ्या मनातला सगळा हिशोब उलटा झाला. मी नावे मांडलेलं एकेक जमेकडे जायला लागलं. रिक्षा, भेंडी, बाटली. मला तिथंच बसून परत बेरीज करावीशी वाटली, पण मी उभी होते आणि माझा तुकडा जळत होता.

सासूबाईंनी तबक उचललं. पुरणाचा एक दिवा अजून तेवत होता. त्यांनी मूठभर अक्षता घेतल्या, थोड्या रेवाच्या हातावर दिल्या, आणि गुडघ्यावर हात टेकत खिडकीशी गेल्या. दिवा ओवाळला. मग दोघींनी गजांतून अक्षता बाहेर फेकल्या. रेवाच्या निम्म्या आतच पडल्या.

“अहो इंदूताई!” गिजरेबाई उठूनच उभ्या राहिल्या. “पुन्हा दक्षिण? नागपूर ईशान्येला. आत्ताच तर सांगितलं मी!”

“गाडी कुठनं सुटणार?”

“स्टँडवरनं, पण…”

“मग झालं.”

“पण काकू,” सुरेखा हळूच म्हणाली, “या अक्षता लेकरांसाठी असतात ना?”

“मग?” सासूबाई म्हणाल्या.

रडायचं नाही हा नियम होता, त्यामुळे सुरेखानं नाक नुसतं पुसलं.

“आणि ती गेलीय कुठं अजून?” अलका म्हणाली. “ही काय, समोर उभी आहे.”

“पुढच्या शुक्रवारी नसेल,” सासूबाई तबक ठेवत म्हणाल्या. “तोवर हात बसायला नको?”

मग त्यांनी पातेल्यावरचं झाकण काढून पाहिलं. “साय धरली बघा बोलण्यात. चला, पेले पुढं करा.”

मी अजून उभीच होते.

“वैजयंती, उदबत्ती विझली,” गिजरेबाई म्हणाल्या. “बस खाली.”

मी बसले. आमच्या कॉलनीच्या कार्यक्रमात मी एवढंच सांगितलं की मातीत नत्र कमी असतं.

दुधाचा पेला घेताना अलका माझ्या शेजारी सरकली.

“राहायची सोय आहे का तिथं?” तिनं विचारलं.

“हॉस्टेल आहे.”

“खोलीत एकटी की दोघी?”

“दोघी.”

“हं,” ती म्हणाली. मग पेला खाली ठेवून, “आमच्या बँकेच्या परीक्षेचंही केंद्र नागपूरच होतं.” आणि उठून सौरभला पेरूवरून उतरवायला गेली.

शनिवारी मी साहेबांना होकार दिला. ‘घरगुती अडचण’ हे वाक्य जुळवलेलं वाया गेलं, तेही पुढं कधी लागेल म्हणून बरेच दिवस लक्षात ठेवलं.

बुधवारी सकाळी निघाले. माधव पाळी टाकून स्टँडवर सोडायला येणार होता. मी म्हटलं, तू सामान घेऊन स्कूटरवर पुढं हो, मी चालत येते. छोटी बॅग तेवढी माझ्याकडे दे. रेवा शाळेच्या गणवेशात दारात उभी होती, संत्री आण म्हणाली. भांग त्या दिवशी सरळ होता. सासूबाईंनी माझ्या हातावर दही घातलं आणि विचारलं, “उलटीची गोळी घेतलीस का?” निरोप एवढाच. मीही “हो” एवढंच म्हणाले आणि पाया पडले.

रस्त्याला लागल्यावर मी मागं वळून पाहिलं नाही. चालत राहिले. पिठाच्या गिरणीच्या वळणाशी आल्यावर थांबले, आणि बॅग या हातातून त्या हातात घेतली. ती जड मुळीच नव्हती. तरी मी जरा सावकाश घेतली.

खिडकीतून तेवढंच दिसतं.